मनालीत बर्फाचं वादळ येतंय आणि गाडी सोलापूरची आहे : काय तयारी करायची?

होटगी_रोड | सोमवार, रात्री ९:४०

गड्डा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) उरकला की २० तारखेला निघायचं ठरलंय. डिझेल एसयूव्ही, बीएस-६, पुढची चाकं ओढणारी. फोर बाय फोर नाही. चौघे जण, त्यात आई ६४ वर्षांची, तिला बीपी आणि शुगर. महामार्ग ५२ धरून धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार, संगरूर आणि तिथून कीरतपूर, मंडी, मनाली. २३-२४ तारखेला हिमाचलच्या वरच्या भागात जोराच्या बर्फाचा ऑरेंज इशारा दिसतोय. बर्फात फोटो काढताना सगळे दिसतात, गाडीचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. गाडीत काय बदलायचं, बरोबर काय घ्यायचं, कुठे थांबायचं, एवढं नेमकं सांगा.

हिप्परगा_तलाव | रात्री १०:१५

आधी हवेचं सांगतो, कारण निघायची तारीख त्यावरच ठरवायला हवी.

हिवाळ्यातलं हे बर्फ पश्चिमी झंझावातामुळे पडतं. भूमध्य समुद्राकडून वरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर सरकत येणारी ही हवा हिमालयाला धडकते, वर चढते आणि तिथे ओलावा सोडते. क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी उंच पांढरे ढग आणि थोडा उबारा, मग एक ते तीन दिवस बर्फ, मग आकाश एकदम निळं. बाहेरून गेलेले लोक निळं आकाश बघून गाडी काढतात आणि फसतात. ढग गेल्यावर रात्री जमिनीची ऊब थेट वर निघून जाते, दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर काचेसारखं गोठतं. वरच्या उतारांवरचं ताजं बर्फही पहिल्या २४ ते ४८ तासांत खाली यायची शक्यता सर्वांत जास्त. ३० ते ४५ अंश चढाचे उतार हिमस्खलनासाठी वाईट. त्यापेक्षा उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही.

म्हणून २३-२४ ला बर्फ असेल तर २५ ला मनालीच्या वर, सोलंग किंवा अटल बोगद्याकडे जायचं नाही. मनाली साधारण २,०५० मीटरवर, बोगद्याचं तोंड ३,०६० मीटरवर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात. मनालीत शून्य असेल तर बोगद्यापाशी उणे ६-७ धरा, वारा वेगळा.

इशाऱ्यातला पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आपल्यासारख्या पाहुण्याने केशरीलाच लाल समजावं. हिमस्खलनाचा इशारा वेगळा निघतो, चंदीगडच्या संरक्षण संस्थेकडून, १ ते ५ अशा पातळीचा. ३ किंवा वर असेल तर त्या दरीत जाऊच नका.

कुमठा_नाका | रात्री ११:०५

गाडीचं मी सांगतो मालक. मूळ अडचण अशी की आपली गाडी ४२ अंशांसाठी तयार झालेली असते. थंडीत जे जे बंद पडतं ते बहुतेक इथूनच बरोबर गेलेलं असतं.

डिझेल. थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टरात अडकतं. भारतीय मानकात फिल्टर तुंबायची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश आणि हिवाळी डिझेलला ६ अंश धरलेली आहे. म्हणजे सोलापुरात भरलेली टाकी तशीच वर नेली तर उणे ५ ला दगा द्यायची पूर्ण शक्यता. लक्षण ओळखा: गाडी सकाळी चालू होते, दोन-चार मिनिटं चालते, मग दम तुटल्यासारखी होऊन बंद पडते. सेल्फ मारत बसू नका, बॅटरी जाईल. वाटेत टाकी हिशेबाने रिकामी करत चला आणि पंजाब-हिमाचलात स्थानिक पंपावर भरत जा. मंडीनंतर पाऊण टाकीच्या खाली यायचं नाही. लडाखसाठी उणे ३३ पर्यंत न गोठणारं डिझेल पानिपतच्या रिफायनरीतून २०१९ पासून निघतं, पण ते मनालीच्या प्रत्येक पंपावर मिळेल असं धरून चालू नका. फिल्टर नवीन टाकूनच निघा, जुन्या फिल्टरात पाणी असेल तर तेच आधी गोठतं.

केरोसीन मिसळायचा सल्ला कोणी देईल. बीएस-६ मध्ये नको. हाय प्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण असतं, केरोसीनने ते जातं आणि पंपाचा खर्च ट्रिपपेक्षा जास्त येतो. फिल्टर तुंबला तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्याला गुंडाळा, १५-२० मिनिटं. उघडी ज्योत अजिबात नाही.

कूलंट. उन्हाळ्यात आपल्याकडे पातळी कमी दिसली की बाटलीतलं पाणी ओततात. असं दोन-तीनदा झालं की रेडिएटरमध्ये कूलंट नावालाच उरतं. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. रेडिएटर फाटतो, इंजिन ब्लॉकच्या चकत्या बाहेर येतात, नशीब वाईट असेल तर ब्लॉकलाच चीर. सगळं काढून नवीन भरा. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, हे उणे ३७ पर्यंत टिकतं. एकतृतीयांश कूलंट असेल तर उणे १७ च्या आसपास. आणि जास्त चांगलं म्हणून निखळ कूलंट भरू नका, त्यातलं मुख्य द्रव्य ग्लायकॉल निखळ असलं तर उणे १२-१३ लाच गोठतं. डब्यावर ‘तयार मिश्रण’ लिहिलंय का ते वाचा, तसं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही.

बॅटरी. सोलापूरचा उन्हाळा बॅटरी आतून खातो आणि ते उघडं पडतं ते थंडीत. कडक थंडीत तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते, त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. तीन वर्षांच्या वर झाली असेल तर लोड टेस्ट करून घ्या, काठावर असेल तर बदला. पूर्ण चार्ज बॅटरी गोठत नाही, उतरलेली उणे ७-८ ला गोठू शकते. गोठलेल्या बॅटरीला जंपर लावू नका, फुटते.

अ‍ॅडब्लू (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी) तुमच्या गाडीत असेल तर ते उणे ११ ला गोठतं. घाबरू नका, गाडीतला हीटर ते वितळवतो. पाणी मात्र त्यात घालू नका.

वॉशरच्या टाकीतलं नळाचं पाणी निघायच्या आधी काढून टाका, न गोठणारं लिक्विड भरा. काचेवर चिखल उडाला आणि वॉशर गोठलेला असला तर पुढचं काही दिसत नाही.

अक्कलकोट_रोड | मंगळवार, सकाळी ७:२०

टायरची हवा किती ठेवायची? थंडीत उतरते म्हणून ४० भरून न्या असं एकाने सांगितलं.

कुमठा_नाका | सकाळी ८:१०

४० नको. हिशेब करून दाखवतो. सोलापुरात ३० अंशांना ३३ भरली. उणे ५ ला तीच हवा, जागा न बदलता, साडेसत्तावीस दाखवेल. पण मनालीत बाहेरच्या हवेचा दाबही कमी असतो आणि गेज फरक मोजतं, त्यामुळे तिथे साधारण ३० दिसेल. फरक ३ चाच. तिथे पोचल्यावर सकाळी, गाडी हलवायच्या आधी, कंपनीच्या आकड्याला आणा. परतताना कोटा-इंदूरला पुन्हा तपासा, जास्त झालेली असेल. नायट्रोजनलाही हाच नियम. दाबापेक्षा नक्षी बघा. घासलेल्या टायरला बर्फात काहीच पर्याय नाही, टायरवर चढवायची बर्फाची साखळीसुद्धा नाही.

दहाचाकी | सकाळी ९:३०

ट्रकवाल्यांसाठी चार गोष्टी टाकतो, काश्मीर लाइनवर जाणारी आपल्या भागातली पोरं हा धागा वाचत असतील.

एअर टँकचं पाणी रोज संध्याकाळी, इंजिन गरम असतानाच काढा. टँकात साचलेलं पाणी रात्री नळीत गोठतं आणि सकाळी ब्रेक एक तर लागत नाही, नाही तर सुटत नाही. एअर ड्रायरचा डबा जुना असेल तर बदलून जा.

ताडपत्रीवर बर्फ साचू देऊ नका. २० फुटी गाडीच्या साडेसात फूट रुंद ताडपत्रीवर फूटभर ताजं बर्फ म्हणजे चारशे किलोच्या वर वजन, आणि ओलं झालं की दुप्पट-तिप्पट. मधल्या दोऱ्या ढिल्या असल्या की झोळ पडतो, झोळात पाणी, पाण्याचा बर्फ, आणि मग हौदाची पट्टी वाकते. बांधताना मध्ये बांबूची पाठ द्या.

रामबन ते बनिहाल हा पट्टा बर्फापेक्षा दरड आणि दगडांनी बंद होतो. रस्ता बंद झाला की गाड्या उधमपूरला किंवा पलीकडे काझीगुंडला अडवतात. तिथे थांबायला लागलं तर थांबा, रांग सोडून वर जाऊ नका. आणि बघा, डिझेल टाकीखाली स्टोव्ह पेटवून टाकी गरम करणारे अजून हायत. टाकी गरम झाली तरी फिल्टर होत नाही, आणि गाडी पेटते.

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही. पोस्टपेड लागतं. निघायच्या आधीच करून घ्या.

होटगी_रोड | सकाळी १०:०५

साखळी घेऊ का? आणि घेतली तर पुढे लावायची की मागे?

कुमठा_नाका | सकाळी १०:४५

घ्या. तुमची पुढची चाकं ओढतात, साखळी पुढेच. मागची ओढणारी गाडी असेल तर मागे. साइज टायरवर लिहिलेली असते, उदाहरणार्थ २१५/६० आर १६, तीच पेटीवर असली पाहिजे. ‘सगळ्यांना बसते’ वाली घेऊ नका, सैल राहिली की आतल्या ब्रेकच्या नळीला आणि एबीएसच्या वायरला मार बसतो.

लावायची पद्धत: सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकाला दगड. साखळी जमिनीवर पसरून पीळ काढा. आतली दोरी टायरच्या मागून घालून वर आणा, आधी आतली कडी अडकवा, मग साखळी नक्षीवर ओढून बाहेरची कडी, मग ताण. ५०-१०० मीटर हळू चालवा, थांबा, पुन्हा ताणा. हे दुसऱ्यांदा ताणणं लोक विसरतात आणि साखळी तुटायचं निम्मं कारण तेच. वेग ३० च्या आत. डांबर उघडं दिसलं की काढा, कोरड्या डांबरावर साखळी काही किलोमीटरांतच तुटते.

बरोबर रबरी हातमोजे, गुडघ्याखाली टाकायला जुनं पोतं, आणि डोक्याला लावायची बॅटरी. बर्फात उघड्या बोटांनी लोखंडी कडी लावता येत नाही, दोन मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात. म्हणून घरी, पार्किंगमध्ये, दोनदा लावून काढून बघा.

साखळी असली तरी बर्फ पडत असताना पोलीस मनालीच्या वर बहुधा फोर बाय फोरच सोडतात. वाद घालू नका. गाडी हॉटेलला उभी करा आणि वर जायला तिथलीच फोर बाय फोर आणि तिथलाच ड्रायव्हर घ्या. हे पैसे वाचवायचे पैसे नव्हेत.

हिप्परगा_तलाव | दुपारी १२:३०

ब्रेकचा हिशेब मांडून ठेवतो, म्हणजे साखळीवर जास्त भरवसा बसणार नाही. ताशी ४० ने कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. गोठलेल्या रस्त्यावर त्याच वेगाला ६०-६५ मीटर लागतात. ताशी २० ला १६. हे सपाटीचं. आता घाटाचा उतार धरा. १०० मीटर चालल्यावर ६ मीटर खाली जाणारा उतार असेल तर ४० चे दीडशे मीटर होतात आणि २० चे ४०. १०० ला १० मीटर उतार असेल तर गाडी थांबतच नाही, ब्रेक दाबलेला असतानाही घसरत राहते. चुकी इथे ड्रायव्हरची नसते, पकडच उरलेली नसते.

त्यामुळे उतार सुरू व्हायच्या आधी पहिला किंवा दुसरा गिअर टाका आणि इंजिनवर उतरा. उतारात मध्येच गिअर बदलू नका. चढताना दुसऱ्यात, ॲक्सिलरेटर अंड्यावर पाय ठेवल्यासारखा. वळणावर ब्रेक नाही, वळणाच्या आधी. चाक घसरलं तर जिकडे जायचं तिकडे स्टिअरिंग, पाय ब्रेक-ॲक्सिलरेटर दोन्हीवरून उचललेला.

सर्वांत निसरडं बर्फ शून्याच्या आसपासचं, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. कुठे सापडेल: ऊन न लागणारं वळण, पूल, बोगद्याचं तोंड, रस्ता ओलांडणारा झरा. रस्ता ओला-काळा चमकतो पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही, मग ते पाणी नव्हे. संध्याकाळी ४ नंतर आणि सकाळी १० च्या आधी घाटात नकोच.

आणि जानेवारीत हिसार-संगरूरला धुकं असतं. तिथे पहाटे गाडी चालवणं वरच्या बर्फाइतकंच जिवावरचं आहे.

अक्कलकोट_रोड | दुपारी १:१५

रात्री हॉटेलबाहेर गाडी कशी उभी करायची?

कुमठा_नाका | दुपारी १:४०

हँडब्रेक ओढायचा नाही. ओलं लायनर ड्रमला चिकटून गोठतं, सकाळी चाक फिरत नाही, जोर केला तर लायनर उखडतं. थांबायच्या आधीच्या शे-दोनशे मीटरांत ब्रेक हलका दाबून ड्रम सुकवा, सपाटीला गिअरमध्ये उभी करा, चाकांना दगड. वायपर उभे करून ठेवा. काचेवर पोतं किंवा पुठ्ठा. दाराच्या रबराला व्हॅसलिनचा हात फिरवा, नाहीतर दार ओढताना रबर फाटून येतं. काचेवर गरम पाणी कधीच नाही, तडा जातो. आणि छतावरचं बर्फ झाडल्याशिवाय निघू नका, पहिल्या ब्रेकला तो सगळा ढीग पुढच्या काचेवर येतो.

विजापूर_वेस | दुपारी ३:००

आता माणसांचं. कृपा करून हे सगळ्यांनी वाचा.

बर्फात अडकलेल्या गाडीत थंडीइतकाच मोठा धोका धुराचा असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फाच्या वादळात गाड्यांतच २० हून जास्त लोक गेले. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतो. डोकं जड, मळमळ, मग गाढ झोप. लोकांना वाटतं उंचीचा त्रास होतोय किंवा दमलोय. गाडीतल्या दोघांना एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर वेळ न घालवता दारं उघडा आणि बाहेर या.

अडकलात तर: आधी खाली उतरून सायलेन्सर मोकळा करा, प्रत्येक वेळी इंजिन चालू करण्याआधी पुन्हा. तासाला १० मिनिटंच इंजिन. वारा येत नाही त्या बाजूची काच दोन बोटं खाली. रात्रीच्या बारा तासांत असं दोन तास इंजिन चालतं, दोन लिटरच्या आसपास इंधन जातं, म्हणून टाकी भरलेली हवी. एक जण नेहमी जागा, पाळीने. छतावर किंवा आरशाला भडक रंगाचं कापड बांधा. गाडी सोडून चालत निघू नका, बर्फ उडत असताना दहा पावलांवरची गाडी सापडत नाही. फोन ११२, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७.

हॉटेलच्या खोलीतही हाच वायू. कोळशाची शेगडी आत घेऊन दार-खिडक्या लावायच्या नाहीत, कितीही प्रेमाने आणून दिली तरी. न्हाणीघरातला गॅस गिझर असेल तर पाणी काढून घ्या, बंद करा, मग आंघोळ.

आईंसाठी. गोळ्या थांबवायच्या नाहीत, थंडीत बीपी वाढतं. इन्सुलिन असेल तर गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, दिसायला चांगलं दिसलं तरी. आतल्या खिशात ठेवा. साखर मोजायचं यंत्रही थंडीत चुकतं किंवा चालतच नाही, तेही अंगाशी. मनालीच्या उंचीला सहसा त्रास होत नाही, बोगद्यापलीकडे ३,००० च्या वर होऊ शकतो, त्यांना तिकडे तास-दोन तासांपेक्षा जास्त थांबवू नका.

हुडहुडी भरलेल्या माणसाची हुडहुडी अचानक थांबली आणि बोलणं जड झालं तर तो बरा होत नाहीये, उलट आहे. ओले कपडे काढा, छाती-पोट आधी गरम करा, शुद्धीत असेल तर गोड गरम पाणी. दारू नाही, हातपाय चोळणं नाही. बोटं पांढरी-बधिर झाली तर चोळू नका, बर्फ लावू नका, शेकोटीवर धरू नका, काखेत धरा.

दहाचाकी | दुपारी ४:१०

कपड्यांचं एक. आपली सोलापुरी चादर सुती. कोरडी असेपर्यंत चांगली ऊब देते, भिजली की अंगातली ऊब ओढून घेते आणि गाडीत वाळत नाही. चादर खोलीत वापरा, गाडीत घोंगडी ठेवा. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. धनगरी घोंगडी जड असते, टोचते, पण सायलेन्सर साफ करायला उतरताना अंगावर, चाक फिरायला लागलं तर चाकाखाली, दोन्हीला चालते. बनियनसुद्धा सुती नको, घामाने भिजतो. मोजे दोन घट्ट घालण्यापेक्षा एक सैल लोकरीचा, बूट आवळला की रक्त पोचत नाही आणि पाय आधी गार पडतो.

खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बिस्किटांपेक्षा शंभर पटीने चांगलं. भाकरीत पाणी नसल्याने ती गोठत नाही, आठवडाभर टिकते, चूल लागत नाही. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत. थंडीत अंग तेच जाळतं. चौघांना दोन दिवसांसाठी २५-३० भाकरी, अर्धा किलो चटणी, गूळ एक किलो. कडक भाकरीला पाणी जास्त लागतं, तेव्हा १० लिटर पाणी वेगळं. बाटल्या उलट्या ठेवा, बर्फ वरून धरायला लागतं, म्हणजे झाकणाकडचं पाणी मोकळं राहतं.

भीमाकाठ_द्राक्ष | सायंकाळी ६:२५

विषय थोडा वेगळा, पण हा झंझावात इथे काय करील? बाग मणी भरण्यात आहे.

हिप्परगा_तलाव | सायंकाळी ७:००

तो उत्तरेतून जाताना इकडे एक-दोन दिवस ढगाळ आणि रात्री उबदार राहू शकतात, त्या दिवसांत भुरी रोगावर नजर ठेवा. तो पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे खाली येतात आणि पारा झपकन उतरतो. १० च्या खाली जाईल असं वाटलं तर पहाटे ठिबक चालवा, ओली जमीन ऊब धरते, आणि बांधावर ओलसर पाचटाचा धूर करा. भर दुपारी पाणी देऊन उपयोग नाही.

होटगी_रोड | रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. बदललेला बेत असा: निघणं २० ऐवजी २३. वादळ चालू असताना आम्ही खाली वाटेतच असू. २६ ला मंडीत मुक्काम, रस्ता कळल्यावर २७ ला सकाळी १० नंतर वर. आईसह मनालीतच राहायचं, सोलंगला तिथली गाडी. परतीला दोन दिवस मोकळे ठेवलेत. डिझेल फिल्टर, कूलंट, वॉशर उद्या. बॅटरी पावणेचार वर्षांची निघाली, बदलतोय. साखळी शुक्रवारी येईल. आतली कडी लावताना हुकचं तोंड कुठे ठेवायचं, तेवढं सांगा.

कुमठा_नाका | रात्री ९:५०

हुकचं तोंड टायरपासून लांब, बाहेर वळलेलं. तोंड टायरकडे राहिलं तर बाजूच्या रबरावर घासून फुगा येतो. आडव्या साखळीची गुळगुळीत बाजूही टायरकडेच. आणि पहिल्यांदा लावाल तेव्हा स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा, कुठे मडगार्डच्या आतल्या लायनिंगला किंवा शॉक-अ‍ॅब्सॉर्बरला लागत असेल तर ते पार्किंगमध्येच कळेल.